नियम बदलावा की खेळच बदलावा?

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. बुद्धिबळाच्या बाबतीत तीच म्हण 'घरोघरी निराळे नियम' अशी म्हणावी लागते. जळगाव व धुळे ह्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून जी मुले आमच्या शाळेत येतात, त्यांपैकी कित्येकांनी बुद्धिबळाचा पट प्रथम आपल्या आजोबांच्या शेजारी बसून पाहिलेला असतो. कोणाच्या घरी प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चालते. कोणाच्या घरी किल्लेकोट मुळीच नसतो. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते. कोणाच्या घरी पलीकडच्या टोकास पोहोचलेले प्यादे त्या घरच्या मूळ मोहऱ्याचेच रूप घेते: हत्तीच्या घरी गेले तर हत्ती, उंटाच्या घरी गेले तर उंट. असा मुलगा शालेय स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमांच्या पटासमोर बसला, म्हणजे दहा खेळ्यांच्या आत कोणी तरी त्याला म्हणतो, "हे चालत नाही." मुलगा ओशाळतो. सुटीत घरी गेल्यावर तोच मुलगा आजोबांना म्हणतो, "हे चालत नाही." मग आजोबा पट गुंडाळून ठेवतात.

ह्यावर उपाय म्हणून दोन मते आमच्या कानी नेहमी येतात. काही पालक म्हणतात की, मुलांची अडचण होऊ नये म्हणून शाळेने आपले नियम थोडे सैल करावे. चार नियम इकडचे व चार तिकडचे घेऊन सर्वांस सोयीचा असा एक डाव बसवावा. दुसरे काही म्हणतात की, घरचा खेळ जुनाट झाला. तो मुलांनी विसरावा हेच बरे. विशेष हे की, वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी अगदी निराळ्या खेळाच्या निमित्ताने हाच प्रश्न आमच्यापुढे मांडला आहे. तेव्हा हातात असलेला खेळ आपल्या मनाजोगा नसेल, तर त्याचे नियम बदलावे की सरळ दुसरा खेळ शिकावा, ह्याचा विचार एकदा नीट व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहो.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. लहानशा गरजेसाठी नियमाची लहानशी दुरुस्ती करण्यास हरकत नाही. परंतु खेळाकडून आपल्याला जे पाहिजे तेच बदलले असेल, तर दुसरा खेळ घ्यावा आणि तो पुरता शिकावा; पहिला खेळही मोडू नये. दोन खेळ अर्धे अर्धे येण्यापेक्षा दोन्ही पुरे येणे हेच हिताचे आहे.

नियम बदलणे ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि ते पापही नव्हे. आज आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो ते स्वतःच एका मोठ्या दुरुस्तीचे फळ आहे. पूर्वी वजीर तिरपे एकच घर चाले आणि उंटाची धावही अगदी तोकडी असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ह्या दोन मोहऱ्यांना आजचे बळ मिळाले. केवळ दोन मोहरे बदलले. परंतु डावाचा वेग, मांडणी व धोका सर्व काही पालटले, आणि जुना खेळ तेथे हळूहळू मागे पडला. दुरुस्ती लहान दिसली तरी तिचा परिणाम लहान असेलच असे नाही, हा ह्यातील पहिला धडा होय.

आपल्या प्रांतातही ह्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्याचे कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे होते, व मूळ ग्रंथ संस्कृतात होता. ह्या पुस्तकातील डावांची मांडणी युरोपीय पद्धतीस जुळवून घेतली असल्याचे त्याच्या नावातच सांगितलेले आहे. एका पद्धतीतील विद्या दुसऱ्या पद्धतीच्या लोकांस कळावी म्हणून त्या पंडिताने हे काम केले, आणि आपण काय जुळवून घेतले आहे ते लपवून ठेविले नाही. जुळवून घेण्याची ही प्रामाणिक रीत होय.

आता दुसरी वाट पाहू. पंजाबातील मीर सुलतान खान ह्यांस त्यांच्या वडिलांनी लहानपणी देशी बुद्धिबळ शिकविले. पुढे त्यांना युरोपीय नियम शिकावे लागले. १९२९ साली ते विलायतेस गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले. १९३२ व १९३३ सालीही ते पद त्यांनीच जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका ह्यांचा पराभव केला. डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या त्यांना पुस्तकी खेळाडूंइतक्या येत नसत, हे खरे. कारण तो भाग ते उशिरा शिकले होते. परंतु मधल्या व शेवटच्या डावांत त्यांची जी दृष्टी होती ती घरच्या पटावर घडलेली होती. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला. युरोपीय डावाचे नियम माझ्या सोयीसाठी बदला, असे त्यांनी कोणास सांगितले नाही. तो डाव त्यांनी आहे तसा घेतला.

ह्याहून सुंदर उदाहरण कलकत्त्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश खेळाडूशी युरोपीय नियमांनी पुष्कळ डाव खेळले. महेशचंद्र आपली प्यादी सुरुवातीस एकेक घर सरकवीत आणि उंट बाजूच्या लांब तिरप्या रेषेवर आणून बसवीत. प्यादे एकच घर चालविण्याची देशी सवय ह्या मांडणीच्या मुळाशी असावी असे सांगतात. ते डाव छापले गेले, आणि आज जगातील मोठमोठे खेळाडू ज्या बचावांना 'इंडियन' म्हणतात त्यांच्या नावाचा उगम ह्या डावांकडे जातो. त्यांनी नवा खेळ पुरता शिकला व जुना हात सोडला नाही, म्हणूनच नव्या खेळात भर पडली. दोन्हींची खिचडी करून तिसरेच काही शिजविले असते, तर ते कलकत्त्यातील त्या बैठकीबाहेर कोणी चाखलेही नसते.

खिचडीत काय हरवते हे पाहावयाचे असेल तर मुलांच्या आवडत्या ल्यूडोकडे पाहावे. आपल्या पचिसीवरून हा खेळ विलायतेत तयार झाला व १८९६ साली तेथे त्याची नोंदणी झाली. पट तोच, फुलीच्या आकाराचा. सोंगट्यांचे रंगही चार. कवड्या गेल्या आणि फासा आला, खेळ सोपा झाला व जगभर पसरला, हे त्याचे गुण होत. परंतु पचिसीत समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू असतात. आपल्या सोंगट्या घरी पोहोचल्या तरी भिडूच्या पोहोचेपर्यंत जीत होत नाही. ल्यूडोत हा भिडू नाहीसा झाला. प्रत्येक जण आपापल्यापुरता खेळू लागला. पट पाहून कोणी म्हणेल की खेळ तोच आहे. परंतु शेजाऱ्यासाठी थांबण्याची जी शिकवण त्या पटात होती ती निघून गेली. नियम बदलताना आपण नेमके काय काढून टाकीत आहो, हे म्हणूनच डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

आता आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या खेळाकडे वळू. पुण्यामुंबईस शिकणाऱ्या थोरल्या भावंडांकडून हा खेळ त्यांच्यापर्यंत आला आहे. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगणारा होतो. बाकीचे त्या गोष्टीतील एकेका पात्राचे सोंग घेतात. पात्राने काय करावे हे खेळणारा ठरवितो, आणि ते साधले की फसले हे फाशावर ठरते. ह्या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी तो अमेरिकेत १९७४ साली काढला. तलवारी, चिलखते, जखमा व मंत्र ह्यांचे हिशेब हा त्याचा कणा आहे. कारण तो मुळात 'चेनमेल' नावाच्या १९७१ सालच्या लढाईच्या खेळावर वाढला. म्हणजे हा खेळही एका दुरुस्तीतूनच जन्मला, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्यांस मात्र त्यातील परदेशी राक्षस नको आहेत. त्यांना सातपुड्यातील वाट, तापीचा पूर आणि लळिंगच्या किल्ल्यावर रात्री दिसलेला एखादा दिवा अशा गोष्टी खेळावयाच्या आहेत. त्यांचा प्रश्न असा की, आम्हांस हेच नियम येतात. मग ह्यांतच फेरफार करावा, की दुसरे पुस्तक मिळवून नवे नियम शिकावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच खेळांच्या इतिहासात आहे. १९८१ साली सँडी पीटरसन ह्यांचा 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ निघाला. गूढ गोष्टींचा शोध घेणारी साधी माणसे हा त्याचा विषय. त्याचे नियम 'रूनक्वेस्ट' ह्या १९७८ सालच्या जुन्या खेळाच्या नियमांवरून घेतले होते. परंतु त्यात एक नवा हिशेब घातला, तो मनाच्या स्थैर्याचा. भयंकर काही पाहिले की पात्राचे मन ढळते, आणि हा हिशेब घटत जातो. पात्रे अखेरपर्यंत दुबळीच राहतात, म्हणून भीती खरी वाटते. पुढे २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या आवृत्तीचा गाभा इतरांनाही वापरण्याची मोकळीक मिळाली, आणि अनेक विषय त्याच साच्यात ओतले गेले. २००२ साली कथुलूचाही तसा अवतार निघाला. पुस्तक मेहनतीने लिहिलेले होते. परंतु त्या साच्यात पात्र पायरीपायरीने बलवान होत जाते. आणि बलवान होत जाणाऱ्याला भीती वाटावी कशी? मूळ खेळ पुढेही चालू राहिला, व २०१४ साली त्याची सातवी आवृत्ती निघाली; तो दुसरा अवतार मात्र मागे पडला.

तेव्हा विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे. तुम्हांस साहसाच्याच गोष्टी खेळावयाच्या असतील आणि केवळ नावे, गावे, शस्त्रे व श्वापदे खानदेशी हवी असतील, तर नवा खेळ शोधण्याचे कारण नाही. अंगरखा बदलावा; अंग तेच राहू द्यावे. परंतु किल्ल्यावरचा दिवा कोणी लावला ह्याचा शोध घेणे, माणसांना विचारणे, घाबरणे आणि तलवारीस हातही न लावणे अशी गोष्ट तुम्हांस हवी असेल, तर ज्या पुस्तकाची बहुतेक पाने वार व जखमा मोजण्यात जातात ते पुस्तक तुम्हांस पदोपदी अडवील. तुम्ही एक नियम काढाल, दुसरा लटका पडेल. तो सावराल तर तिसरा. अशी ठिगळे लावण्यात जितक्या संध्याकाळी जातील, तितक्यांत नवा खेळ शिकून होईल.

ह्यावर एक आक्षेप येतो व तो वजनदार आहे. शहरात खेळगडी पुष्कळ असतात, पुस्तके मिळतात. आमच्या तालुक्याच्या गावी जेमतेम चार जण जमतात, त्या चौघांना एकच खेळ येतो, आणि नवे पुस्तक महाग पडते. मग येतो त्याच खेळास मुरड घालावी, हे शहाणपण नव्हे काय? आम्ही म्हणतो, होय, पुष्कळदा हेच शहाणपण आहे. खेळ हा आधी सोबतीसाठी असतो. नव्या नियमांच्या हौसेपायी चौघांपैकी दोघे उठून गेले, तर त्या नव्या खेळाचे करावयाचे काय? नवे ते सर्व सोने, असे आम्ही मानीत नाही. परंतु त्याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी. घरगुती दुरुस्त्या वाढत गेल्या की त्या चौघांचा खेळ फक्त त्या चौघांचाच होतो. पाचवा आला की त्याला छापील पुस्तकाचा उपयोग नाही, आणि चौघांच्या तोंडी नियमांचा त्याला पत्ता नाही. आखाजीला खेड्यात पत्त्यांच्या बैठकीत जी भांडणे होतात, त्यांच्या मुळाशी पैशाच्या जोडीने हेही एक कारण असते: प्रत्येक जण आपल्या आळीचा नियम खरा मानून बसलेला असतो.

म्हणून दुरुस्ती करावयाचीच तर ती कशी करावी, ह्याची दोन चांगली उदाहरणे देतो. बॉबी फिशर ह्यांनी १९९६ साली बुद्धिबळाची एक नवी तऱ्हा जाहीर केली. सुरुवातीच्या खेळ्या पाठ करून आलेल्या खेळाडूस त्याचा फायदा मिळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणी डावापूर्वी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावी असे सुचविले. अशा मांडण्या ९६० होतात. किल्लेकोटाचा नियम तेवढा त्या मांडणीस जुळवून घेतला. मोहऱ्यांच्या चाली जशाच्या तशा ठेविल्या. २०१९ साली ह्या तऱ्हेची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा नॉर्वेत झाली. हेतू एक, बदल एक, आणि तो उघड सांगितलेला, अशी ही दुरुस्ती होती.

दुसरे उदाहरण आपल्या हुतुतूचे. पूर्वी त्याचे निरनिराळे प्रकार चालत. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होई. गामिनीत तो सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये बाद होऊनही तो मैदानातच राही, केवळ गुण मोजला जाई. १९५० साली कबड्डीची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि लिहिलेल्या एका नियमावलीखाली हा खेळ देशभर खेळला जाऊ लागला. १९९० साली तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोहोचला. आजच्या कबड्डीत संजीवनीची रीत आहे. नियम लिहिले, सर्वांनी मान्य केले, मग खेळले; म्हणून गावचा खेळ देशाचा झाला.

ह्या सर्वांतून तीन प्रश्नांची कसोटी निघते. पहिला: आपल्याला नेमके काय हवे आहे, आणि ते एका वाक्यात सांगता येते काय? दुसरा: जो नियम आपण बदलतो तो अंगरखा आहे की हाड? तिसरा: बदल डावापूर्वी लिहून सर्वांनी मान्य केला आहे काय? तिन्ही उत्तरे ठीक असतील तर खुशाल दुरुस्ती करावी. हाडच बदलावयाचे असेल तर दुसरा खेळ शिकावा.

ह्याच कसोटीने आमच्या बुद्धिबळाचाही निर्णय होतो. शाळेच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनीच, त्यात काडीचाही फरक न करता, झाल्या पाहिजेत. २०२४ साली जळगावास जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला. ही दारे ज्या नियमांनी उघडतात ते नियम आमच्या मुलांना अर्धेमुर्धे येऊन चालणार नाही. सोयीची खिचडी शिकविली, तर मुलगा शाळेत जिंकेल व तालुक्याला हरेल. ती दया नव्हे, फसवणूक होय.

परंतु घरचा खेळ विसरा, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आमची मुले घरी अहिराणी बोलतात आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहितात. अहिराणी सोडा असे कोणी शहाणा शिक्षक म्हणत नाही, आणि उत्तरपत्रिका अहिराणीत तपासा असे कोणी पालकही म्हणत नाही. मुलाला दोन्ही येतात, कोठे कोणती वापरावी हेही कळते, व त्याचे काही अडत नाही. पटाचेही असेच आहे. आजोबांच्या डावात चूक काही नाही. तो दुसरा खेळ आहे, एवढेच. त्यात एकेक घर सरकणारी प्यादी धीर शिकवितात. आणि तो बहुधा कोठे लिहिलेला नाही. ज्या दिवशी पट गुंडाळून ठेवणारे ते हात थांबतील, त्या दिवशी त्या गावचे नियमही संपतील. नियम अर्धे बदलल्याने हा खेळ वाचणार नाही. पुरा शिकल्याने व लिहून ठेवल्याने वाचेल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत एक काम करा. एक वही घ्या आणि घरातील वडील माणसांना नम्रपणे विचारा: प्यादे पहिल्या खेळीस किती घरे चालते? राजाला उडी कधी मिळते? टोकास गेलेल्या प्याद्याचे काय होते? एकट्या उरलेल्या राजाची मात धरावी की बरोबरी? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाचे नाव घालून लिहा, आणि मग त्यांच्याच नियमांनी त्यांच्याशी एक डाव खेळा. त्या डावात "हे चालत नाही" हे शब्द तोंडून काढू नका. आणि पालकहो, मुलगा शाळेतून निराळे नियम शिकून आला तर त्याला आपला खेळ बिघडला असे वाटू देऊ नका. तोही पट त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. वार्षिक संमेलनात स्पर्धा आटोपल्यावर देशी डावासाठी एक निराळी दुपार राखावी, वडील मंडळींस निमंत्रण द्यावे, आणि ज्या गावचा पट त्या गावचे नियम अगोदर फळ्यावर लिहावे, अशी सूचना आम्ही शाळेपुढे ठेवीत आहो. तिचा विचार व्हावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.